‘माझी आई’च्या तासाला फाटलेली वही

एका शिक्षण सेविकेचा प्रश्न, थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळेत माझं हे दुसरं वर्ष. पहिली ते चौथी मिळून ४१ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत. चौथीतला एक मुलगा आजीजवळ राहतो. महिनाभर तो वह्या फाडतो, शेजारच्याला चावतो आणि मग बाकाखाली जाऊन बसतो. परवा ‘माझी आई’ निबंधाच्या तासाला त्याने स्वतःची आणि पुढच्या मुलीची वही फाडली, आणि माझा हात उठला. तेव्हापासून नीट झोप नाही. माझी स्वतःची मुलगी दोन वर्षांची, ती कोल्हापूरला सासूबाईंकडे असते. प्रशिक्षणात सांगितलेले उपक्रम करून पाहिले. आता शाळेची पायरी चढतानाच पोटात गोळा येतो. मी या कामाला नालायक आहे का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. नाही. नालायक माणसाची एका धपाट्याने झोप उडत नसते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस ऊसतोडीच्या गावांत. मध्ये समुपदेशनाचा अभ्यासक्रमही केला. त्याचा उपयोग झाला, पण कामाचं जे कळलं ते बहुतेक चुकून कळलं. त्यातली एक चूक पुढे सांगते.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी जाता जाता आल्यात: निबंधाचा विषय, आणि तुमची मुलगी कुठे असते ते. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथेच अडखळले.

ज्या पोराची आई भांडीकुंडी ट्रॉलीत घालून, त्याला आजीच्या ओसरीवर ठेवून गेली, त्याच्यापुढे आपण फळ्यावर ‘माझी आई’ लिहितो आणि दहा ओळी मागतो. माझी आई सकाळी लवकर उठते. माझी आई मला गरम गरम जेवायला वाढते. त्याची आई लवकर उठतेच, पहाटे तीनला, पण फडात जायला. पुढच्या मुलीची वही का फाडली याचा अंदाज मी इथे बसून करते तो चुकेलही, पण विचारून बघा: तिची आई गावातच आहे का? आणि ती भराभर लिहीत होती का? हा दोष मी तुम्हाला देत नाही. हा निबंध आपण सगळ्यांनीच घातलाय, मीही बरीच वर्षं घातला. पुढे मी विषय बदलून ‘आमच्या घरात कोण काय करतं’ असा केला. आजी, मामा, थोरली बहीण, शेळी, ज्याला जे असेल ते त्यात येतं आणि मराठीचे गुण तेवढेच मिळतात.

आता कामाचं. उद्यापासून आठ दिवस एक करा. शंभर पानी वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: वार, वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर काय झालं. तो चिडला, चावला, लपला की दोन शब्दांत नोंद. ‘त्रास देतो’, ‘हट्टी’ असले शब्द त्यात नकोत, डोळ्यांना दिसलं तेवढंच. माझ्या एका वर्गात मारामाऱ्या फार होत होत्या. मला वाटायचं पोरंच वाह्यात आहेत. नोंदी केल्या तर जवळजवळ सगळ्या बारा ते एकच्या दरम्यानच्या निघाल्या. एकला खिचडी. निम्मी पोरं सकाळी नुसता कोरा चहा पिऊन येत होती. आजीला दिसत नाही, चूल उशिरा पेटते. मी शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन बायांना गाठलं, आणि मधल्या सुट्टीआधी प्रत्येकाच्या हातावर मूठभर फुटाणे-गूळ पडू लागला. भावनिक आरोग्याचा माझा सर्वात यशस्वी उपक्रम हाच होता, आणि त्याचा अहवाल मी कुठेही पाठवला नाही.

तेव्हा मुलाच्या मनाकडे जाण्याआधी पोट, झोप, कान आणि डोळे बघून घ्या. रात्री तो किती वाजता झोपतो, कुणाजवळ झोपतो, अंथरूण ओलं होतं का, हे आजीला विचारा. हाक मारल्यावर एकाच बाजूने वळतो का, ते वर्गात बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळांत तपासणीला येतं. ते येईल तेव्हा या मुलाला रांगेत उभं करून मोकळे होऊ नका, डॉक्टरांना बाजूला घेऊन चार वाक्यं सांगा. आणि तुमच्या शाळेला हंगामी वसतिगृह मंजूर आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. पालक स्थलांतरित झालेल्या मुलांना गावातच दोन वेळचं जेवण मिळावं म्हणूनच ती योजना आहे. कधीकधी नाव यादीत नसतं एवढ्यावरूनच पोर उपाशी राहतं.

आता तो बाकाखाली जातो तेव्हाचं.

तो बाकाखाली का जातो? त्या क्षणी त्याला वर्गातली तेवढीच जागा भीतीची वाटत नाही म्हणून. तिथून त्याला ओढून काढू नका. वर्गाला काहीतरी मोठ्याने म्हणायला लावा, पाढे सर्वात चांगले. चाळीस पोरं सतराचा पाढा म्हणत असली की सगळ्यांचे डोळे त्याच्यावरून निघतात. मग त्याच्या समोर नको, बाजूला, जमिनीवर बसा. आवाज खाली. ‘का केलंस’ विचारू नका. त्याला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तेव्हा जिभेवर येत नाही. एवढंच म्हणा, “मी इथं बसलेय. तुला बरं वाटलं की बाहेर ये.” आणि तुम्ही स्वतः श्वास सोडा, घेतला त्याच्यापेक्षा लांब. लांब उच्छ्वासाने नाडी खरंच मंदावते, शरीराची रचनाच तशी आहे. त्याला श्वास घ्यायला सांगण्यापेक्षा तुमचा ऐकू आलेला बरा. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. मुख्याध्यापक मीटिंगला असले की तुम्ही एकट्या आणि चार इयत्ता, दहा मिनिटं परवडत नाहीत, मला माहीत आहे. पण हिशेब करा: आत्ता त्या आरडाओरड्यात किती जातात?

तो बाहेर आल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, दुपारी, फाटलेली वही घेऊन बसा. गव्हाच्या पिठाची खळ करा, किंवा डिंक असेल तर डिंक. त्याच्या हाताने पानं चिकटवून घ्या, पुढच्या मुलीचीही. फाडलंस ते जोडायचं, एवढी शिक्षा पुरे. माझ्या अनुभवात मुलं हे काम फार मन लावून करतात, कधीकधी नको तितकी खळ लावून. चिकटवताना तोंड उघडतं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर जे बोलला नसता, ते हात कामात असताना बोलेल.

हात उठला त्याबद्दल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. ते तुम्हाला माहीत आहे, आणि झोप उडालीय ती कायद्याच्या भीतीने नव्हे, हेही दिसतंय. करायचं काय? मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः सांगा, दुसऱ्याकडून कळण्याआधी. आजीकडे जाऊन सांगा. आजी कदाचित म्हणेल, “मारा की मॅडम, त्याबिगर ऐकत न्हाई त्यो.” तिथे विरघळू नका. म्हणा, “नाही आजी, माझं चुकलं.” आणि मुलाची माफी मागा. एका वाक्यात: “मी तुला मारलं ते चुकलं, पुन्हा मारणार नाही.” पुढे ‘पण’ लावायचा नाही. ‘पण तू वही फाडलीस ना’ म्हटलं की माफी गेली. वहीचं बोलणं वेगळं, खळीच्या वेळेला. वर्गासमोर मारलं असेल तर वर्गासमोर माफी. बाकीच्या चाळीस जणांनीही तो हात पाहिलाय.

आता माझी चूक. नोकरीचं पाचवं वर्ष होतं. तिसरीतला एक मुलगा सारखा रडायचा, मला त्या रडण्याचा वैताग यायचा. एके दिवशी म्हणाले, “रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड.” तो गेला. अर्ध्या तासाने बघितलं तर ओट्यावर कुणी नाही. चप्पल तिथेच. पोरगं अनवाणी चार किलोमीटर चालत डांबरी रस्त्याला लागलं होतं. एसटीला हात केला, आणि कंडक्टरला म्हणाला, “कारखान्यावर जायचंय.” कुठल्या कारखान्यावर, ते त्याला ठाऊक नव्हतं. कंडक्टर शेजारच्या गावचा, त्याने ओळखलं, फाट्यावर उतरवून चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं. मी पोचले तेव्हा तो क्रीमरोल खात होता. माझे पाय थरथरत होते आणि त्याने मला विचारलं, “मॅडम, तुम्हाला पण रडायला येतंय का?”

त्याला रडायची जागा हवी होती. मी त्याला वर्गाबाहेर काढलं. त्यानंतर माझ्या कुठल्याही वर्गात एक कोपरा राहिला: पोतं अंथरलेलं, एक पाण्याची बाटली, दोन जुनी ‘किशोर’ मासिकं. कुणीही न विचारता तिथे जाऊन बसायचं. पहिल्या आठवड्यात सगळेच जाऊन बघतात, गर्दी होते, हसू येतं. दुसऱ्या आठवड्यात ज्यांना लागतो तेच जातात. कोपऱ्याला गोंडस नाव देऊ नका, पोरं त्याला ‘पोत्यावर’ म्हणतील, तेच चालू द्या.

नावांवरून आठवलं. वर्गात भावनांचे तक्ते लावतात ना, चार गोल चेहरे: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. तो तक्ता वाईट नाही, पण आपल्या पोरांच्या तोंडात ते शब्दच नसतात. चौथीतलं पोर ‘मी दुःखी आहे’ असं म्हणणार नाही. ते म्हणेल ‘करमत न्हाई’, ‘कसंतरीच हुतंय’, ‘पोटात दुखतंय’. मी एकदा फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘करमत नाही’ लिहिलं आणि विचारलं, हे कुणाकुणाला होतं? निम्म्याहून जास्त हात वर गेले. मग विचारलं, कधी होतं? “दिवे लावणीला.” “जेवताना.” “दुसऱ्याची आई हाक मारती तवा.” त्या दिवशी मराठीचा तास तसाच गेला आणि मला वाटतं मराठीच शिकवून झाली. पुढे रोज एक शब्द घेत गेलो. हिरमुसणं, रुसणं आणि रागावणं यांतला फरक, ओशाळणं, भेदरणं, धास्ती, हुरहुर. एका मुलीने ‘कानकोंडं’ हा शब्द घरून आणला, आजीचा. ज्याला ‘मी भेदरलोय’ म्हणता येतं त्याला चावण्याशिवाय दुसरं काही करायला सापडतं. मनात चाललंय त्याला नाव दिलं की त्याचा जोर थोडा उतरतो, हे मेंदूच्या अभ्यासातूनही दिसलंय. मला ते फळ्यासमोर आधी दिसलं होतं.

आता त्याच्या आईविषयी. आपण सगळे एक खोटं बोलतो: “येईल हं लवकर.” तो महिनाभर ते ऐकतोय आणि ती येत नाही. आता त्याचा तुमच्या इतर बोलण्यावरचा विश्वासही हळूहळू कमी होतो. खरं सांगा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की आईबाबा येतील, गुढीपाडव्याच्या आगेमागे. नक्की तारीख मला माहीत नाही, आजीलाही नाही, मुकादमालाही नाही. कळली की तुला मी सांगेन. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर आधी घेतलेली उचल फिटायची असते, म्हणून ते मधेच येऊ शकत नाहीत. हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कळतं. ‘आपल्याला टाकून गेले’ यापेक्षा ‘उचल फिटायची आहे’ हे त्याला पचायला सोपं जातं.

फोनचं ठरवा. आत्ता काय होतं, आईला वेळ मिळेल तेव्हा, मोबाइलला रेंज असेल तेव्हा, कधी चार दिवसांनी तर कधी एकाच दिवशी दोनदा फोन. पोराचं लक्ष दिवसभर फोनकडे. त्यापेक्षा आठवड्यातला एक वार, एक वेळ ठरवायला आजीला मदत करा. गाडी भरून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, परतल्यावर, संध्याकाळी. दोन मिनिटं पुरतात. वार पक्का हवा. त्या आधी त्याने काय सांगायचं ते वहीत लिहून ठेवू दे. हाच त्याचा ‘माझी आई’ निबंध समजा.

जॉन बोल्बी हा मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये, आईपासून दूर रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं होतं. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी मूल आकांत करतं, मग खचतं, आणि मग गप्प होतं, सरावल्यासारखं वागतं. तिसरा टप्पा बघून नर्स म्हणायच्या, रुळलं बरं का पोर. रॉबर्टसन म्हणाला, रुळलेलं नाही, आशा सोडलीय. ती मुलं तुमच्या चौथीतल्यापेक्षा बरीच लहान होती, तेव्हा त्यांचा नियम त्याला तसाच लावू नका. पण एक गोष्ट मी त्यावरून कायमची शिकले. तुमच्या ४१ मुलांत वही फाडणारा एक आहे, पण आईवडील फडावर गेलेली वीसहून जास्त आहेत. त्यातली मागच्या बाकावरची, काहीच त्रास न देणारी, गृहपाठ नेमाने करणारी, हाक मारली तर ‘हो मॅडम’ म्हणणारी, तिला आठवड्यातून दोनदा नावाने बोलवा, पाटी आणायला सांगा, वेणीविषयी विचारा. हा फाडणारा निदान अजून मागतोय.

आणि आता तुमच्याकडे येते. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

ताई, तुम्ही त्याची आई व्हायला बघताय. असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपली दोन वर्षांची मुलगी दुसऱ्याच्या घरी ठेवून आलेल्या बाईसमोर, आई सोडून गेलेलं पोर रोज बाकाखाली जाऊन बसत असेल, तर दुसरं काय होणार? तो वही फाडतो तेव्हा तुम्हाला फक्त तो दिसत नाही. म्हणून हात उठला, आणि म्हणूनच झोप गेली. ही तुमची कमतरता नाही, पण ही गोष्ट तुम्हाला कळलेली असणं फार गरजेचं आहे.

आई होऊ नका, बाई राहा. आई एकाची असते आणि रात्रीही असते. बाई ४१ जणांची असते, साडेदहा ते पाच असते, आणि पाचला जाते. तो जाण्याचा भागही मुलाच्या कामाचा आहे. रोज जाणारी आणि रोज परत येणारी बाई त्याने पाहिली पाहिजे. म्हणून दाराशी रोज एकच वाक्य म्हणत जा: “उद्या साडेदहाला भेटू.” रजा असेल तर आदल्या दिवशी सांगा, न सांगता गैरहजर राहू नका. मनाची जी काही निगा वर्गात राखली जाते ती बाईंच्या मायेच्या जोरावर फार दिवस चालत नाही. माया थकते, आणि १६ हजारांच्या मानधनात, भाड्याच्या खोलीत, वडापच्या जीपमधून येणाऱ्या शिक्षण सेविकेची तर लवकर थकते. ती चालते दिवसाच्या घडीवर. परिपाठ ठरल्या वेळी, हजेरीला नावाने हाक, नंतर वाचन, खिचडी एकला, शेवटची पंधरा मिनिटं गोष्ट. माझ्या वाईट दिवसांतही, सासरे आयसीयूत होते तेव्हाही, ती घडी मला उचलून न्यायची.

प्रशिक्षणात तुम्हाला सांगितलं असेल: सकारात्मक राहा, हसत वर्गात जा. मी हे ऐकून ऐकून कंटाळले. दिवसभर चेहऱ्यावर न वाटणारी प्रसन्नता ठेवणं हे स्वतःच एक काम आहे, आणि त्याचा पगार नाही. मुलांना ते कळतंही. “आज मॅडमचं डोकं दुखतंय, आवाज कमी ठेवा” हे साधं वाक्य हसऱ्या मुखवट्यापेक्षा त्यांना जास्त शिकवतं. आनंददायी शनिवारसारखे उपक्रम मला आवडतात, मात्र फोटो काढून गटावर टाकायची घाई नसेल तेव्हाच. फोटोसाठी पोरांना पुन्हा हसायला लावलेलं मी पाहिलंय.

पोटातला गोळा कशाकशाने येतो तेही त्या वहीत लिहा, वेगळ्या पानावर. मी पैज लावते, त्यातला निम्मा या मुलाचा नसेल. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची माहिती, आज दुपारी तीनपर्यंत पाठवा म्हणून दीड वाजता आलेला तक्ता, मुख्याध्यापक मीटिंगला आणि चार इयत्ता एकटीवर. त्याच अधिनियमाचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. कलम दाखवून काम थांबतं असा माझा अनुभव नाही, खोटं कशाला सांगू. पण एवढं जमतं: वर्गाच्या वेळेत फोन पिशवीत, तक्ते पावणेपाचनंतर. मी ते सुरू केलं तेव्हा पहिल्या महिन्यात दोनदा बोलणी खाल्ली. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांना सवय झाली.

दुसरं, एक माणूस गाठा. गट नको, एकच माणूस. केंद्रातली एखादी शिक्षिका, जीपमधून सोबत येणारी. तिच्याशी ठरवा: पहिली पाच मिनिटं एकीने बोलायचं, दुसरीने सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्याकडे तर याहून वाईट’ म्हणायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपण शिक्षक, सल्ला दिल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. महिन्याच्या शिक्षण परिषदेला जाता, तिथे चहाच्या वेळेत हे होऊ शकतं. माझ्यासाठी अशी एक बाई अकरा वर्षं होती. नवऱ्यापेक्षा तिला माझी नोकरी जास्त माहीत होती.

पण झोपेचं लांबू देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, किंवा जगणंच नको असं मनात येऊन गेलं, तर ते उपक्रमाने आणि मैत्रिणीने निभावायचं काम नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेला. फुकट, रात्री-बेरात्री, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. फोन केला म्हणून सेवापुस्तकात काही चढत नाही. जगणं नको असा विचार आला, तर आठवडे मोजायचे नाहीत, त्याच दिवशी फोन करायचा.

एक गोष्ट नाइलाजाने लिहिते. आजीजवळ, चुलत्याजवळ, शेजाऱ्यावर सोपवून ठेवलेली मुलं असतात, तिथे काही वाईटही घडतं. मुलाच्या अंगावर वळ, बसताना त्रास, एखाद्याच माणसाचं नाव काढलं की गप्प होणं, वयाला न शोभणारं बोलणं, यातलं काही दिसलं तर ते वही फाडण्याच्या खात्यात टाकू नका. तो बोलला तर ऐका, खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका असली तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुमच्यावर, मुख्याध्यापकांवर, सगळ्यांवर. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. ‘गावात मिटवू’ म्हणणारे दोन-तीन जण त्याच संध्याकाळी शाळेत येतात. त्यांना चहा द्या, आणि कळवायचं ते कळवून टाका.

तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्याला फक्त करमत नाही.

एक शेवटचं, पाडव्यानंतरचं. आई येईल तेव्हा तो धावत जाऊन बिलगेल असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. तो दोन दिवस लांब राहील, आईने आणलेला नवीन शर्ट घालणार नाही, आजीच्याच ताटात जेवेल, कदाचित चावेलही. आई रडेल, म्हणेल पोरगं परकं झालं. आजीला आणि आईला हे आधी सांगून ठेवा: चार-आठ दिवस जाऊ द्या, ओढू नका, त्याच्या नजरेत राहा, तो येईल.

आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कोल्हापूरला गेला होतात, तेव्हा मुलगी सासूबाईंच्या पदराआडून तुमच्याकडे बघत राहिली असेल. हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी अंदाजाने म्हणतेय. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाल तेव्हाही तसंच होईल. तेव्हा तिला लगेच उचलून घेऊ नका. तिच्या जवळ जमिनीवर बसा, हातात काहीतरी काम घेऊन. शेंगा सोलत बसलात तरी चालेल. ती हळूच येईल आणि एखादी शेंग तुमच्या हातातून घेईल.